अठराव्या वर्षानंतर बौद्धिक दिव्यांगांच्या आरोग्याकडे कोण पाहते?

उर्मोडी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शासकीय व अनुदानित शाळांत तपासणी होते, आणि काही आढळले तर मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते. या तपासणीमुळे हृदयाचा दोष वेळेत सापडलेली मुले मी पाहिली आहेत. मात्र बौद्धिक दिव्यांग मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाले की ते या यादीतून बाहेर पडते. त्याच सुमारास विशेष शाळाही सुटते, त्यामुळे वर्षाकाठी होणारी वजनाची, दातांची आणि डोळ्यांची जुजबी पाहणीसुद्धा थांबते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच्या प्रकृतीवर नजर ठेवण्याचे काम कुणालाच नेमून दिलेले नाही.

माझा थोरला भाऊ ४२ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणतो, आलेल्या माणसाला न सांगता पाणी देतो, परंतु त्याचे बोलणे मोजक्या शब्दांचे आहे आणि ‘कुठे दुखतंय?’ असे विचारले की तो नेहमी गुडघाच दाखवतो, दुखणे कुठलेही असो. गेले वर्षभर तो मंदावला आहे. दुपारी बसल्याबसल्या झोपतो, हाक मारली तर वळून पाहत नाही, आणि दूध आणायला निघाला की दारातच घुटमळतो. दोन ठिकाणी दाखवले. एका ठिकाणी सांगण्यात आले की अशा पेशंटचे वय झाले की असे व्हायचेच. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या अंगाला हातही न लावता गोळ्यांची चिठ्ठी हाती देण्यात आली.

भावाच्या दुखण्याबद्दल सल्ला मिळाला तर हवाच आहे, परंतु हा धागा मी व्यवस्थेविषयी काढला आहे. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची नियमित तपासणी कुठे, कशी आणि कुणी करावी? घराजवळ, म्हणजे उपकेंद्राच्या किंवा फॅमिली डॉक्टरच्या पातळीवर, काय होऊ शकते? आई पंचाहत्तरीला आली आहे. त्याच्या पोटातले तिला जसे कळते तसे मला कळत नाही, आणि हे कळणे कागदावर कसे उतरवावे हासुद्धा माझा एक प्रश्न आहे.

डॉ. निशिगंध

मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे नियमित येणाऱ्या घरांत असे काही प्रौढ रुग्ण आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या व्यक्तींना होणारे बहुतेक आजार तुम्हा-आम्हाला होणारेच असतात, फक्त ते फार उशिरा ध्यानात येतात. नवे लक्षण दिसले की ते आजाराच्या खात्यात न टाकता दिव्यांगत्वाच्या खात्यात टाकायचे, ही आम्हा डॉक्टरांची जुनी सवय आहे. सुस्ती आली तर ‘डाउन सिंड्रोम आहे’, आरडाओरडा वाढला तर ‘मतिमंद आहे’, आणि तेथेच विचार थांबतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत वयाचे कारण पुढे करण्याआधी चार गोष्टी पाहायलाच हव्यात. पहिली थायरॉईड. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईडचे काम मंदावण्याचे प्रमाण इतके जास्त आहे की टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी लक्षणे असोत वा नसोत, दरवर्षी करावी. दुसरी कान. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, शिवाय वय वाढेल तसे ऐकूही लवकर कमी येऊ लागते. हाकेला न वळणारा माणूस हट्टी किंवा विसराळू झाला असे ठरवण्यापूर्वी ओटोस्कोपने कानात डोकावायला दोन मिनिटे लागतात. तिसरी डोळे, कारण मोतीबिंदू लवकर होतो आणि उंबऱ्याशी किंवा पायरीशी घुटमळणे हे त्याचे लक्षण असू शकते. चौथी झोप. तो मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो का, हे रात्री कुणीतरी जागून पाहिले पाहिजे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार या व्यक्तींत फार आढळतो आणि दिवसाची पेंग त्यातूनही येते.

स्मृतिभ्रंशाची शंका खोटी नाही. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतो आणि डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र तीनदा असते, म्हणून चाळिशी-पन्नाशीतच हा आजार दिसू लागतो. त्याबरोबर आयुष्यात प्रथमच आकडी येऊ शकते. परंतु थायरॉईड, बहिरेपण, नैराश्य आणि न सांगता आलेले दुखणे या चारही गोष्टी बाहेरून हुबेहूब स्मृतिभ्रंशासारख्या दिसतात, आणि या चारही गोष्टींवर काही ना काही उपाय आहे. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

आणखी एक सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सांधा सैल असू शकतो. कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हे आधी सांगावे. चाल अचानक बदलली, हातांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर तो उशीर करण्याचा विषय नाही.

डाउन सिंड्रोम नसलेल्या बौद्धिक दिव्यांगांत मला सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या गोष्टी दोन आहेत, आणि दोन्ही अगदी साध्या वाटतात. एक बद्धकोष्ठ, दुसरी गिळण्याची अडचण. आठवडाभर शौचाला न झालेला माणूस जेव्हा स्वतःला चावू लागतो तेव्हा त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले जाते, आणि तेथे मिळणाऱ्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणखी वाढते. जेवताना ठसका लागणाऱ्या माणसाला वरचेवर न्यूमोनिया होतो आणि प्रत्येक वेळी फक्त अँटिबायोटिक दिले जाते, घास कसा जातो हे कुणी पाहत नाही. वर्षानुवर्षे फेनिटॉइन ही आकडीची गोळी घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजून वाढतात आणि हाडे ठिसूळ होतात. ती गोळी कधी सुरू झाली आणि का, हे घरात कुणालाच आठवत नसते.

खोणी_रस्ता

डॉक्टरसाहेबांच्या प्रतिसादातील ‘न सांगता आलेले दुखणे’ याविषयी आमचा अनुभव लिहितो. माझा मुलगा ३८ वर्षांचा आहे, बोलत नाही, कार्यशाळेत मेणबत्त्यांच्या पाकिटांवर लेबले चिकटवण्याचे काम करतो. काही वर्षांपूर्वी तो एकाएकी स्वतःच्या डाव्या गालावर थपडा मारू लागला. दुसऱ्यांना लागेल म्हणून कार्यशाळेने त्याला काही काळ घरी ठेवायला सांगितले. वर्तनसमस्या म्हणून रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचे औषध सुरू झाले, मात्रा वाढत गेली, वजन वाढले, थपडा थांबल्या नाहीत.

कार्यशाळेत जेवण वाढणाऱ्या मावशी एकदा घरी आल्या होत्या. त्यांनी त्याला जेवताना पाहिले आणि म्हणाल्या, ‘दादा आता एकाच बाजूनं चावतात. गार पाणीही नको म्हणतात, आधी माठातलंच मागायचे.’ दंत महाविद्यालयात भूल देऊन तपासणी झाली, तेव्हा डाव्या दाढेच्या मुळाशी गळू निघाले. दाढ काढल्यावर आठवड्याभरात थपडा बंद झाल्या. गोळी मात्र बंद करायला त्यानंतर बराच काळ गेला, कारण ती सुरू करणारे डॉक्टर वेगळे, दात काढणारे वेगळे, आणि दोघांत दुवा म्हणजे माझ्या हातातली प्लास्टिकची फाईल.

मला त्या मावशींचे नवल वाटते. ज्यांना कुणी आरोग्यसेवेत गणत नाही, त्यांच्या नजरेने निदान झाले.

वाऱ्यावरचा_पत्ता

मी मूळची कोल्हापूरची, गेली कित्येक वर्षे इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात परिचारिका आहे. तिकडे बौद्धिक दिव्यांगत्वाला लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात आणि त्याची परिचर्या ही नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे. माझे काम वॉर्डात नसते, लोकांच्या घरी असते. आमच्या पथकात परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा व गिळणे या दोन्हींचे तज्ज्ञ एकत्र काम करतात, आणि एका ठरावीक भागातील सर्व प्रौढ बौद्धिक दिव्यांग आमच्याकडे सोपवलेले असतात.

उर्मोडीताईंनी विचारलेली नियमित तपासणी तिकडे फॅमिली डॉक्टरकडे होते. १४ वर्षांवरील ज्या व्यक्तीचे नाव दवाखान्याच्या लर्निंग डिसॅबिलिटी नोंदवहीत असते तिला वर्षातून एकदा बोलावले जाते, आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे सरकार दवाखान्याला देते. हे २००८-०९ च्या सुमारास सुरू झाले. वजन, रक्तदाब, रक्त-लघवी, कान, डोळे, दात, गिळणे, शौच, आकडी, चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे कारण, स्त्री-पुरुषांच्या कर्करोगाच्या तपासण्या आणि मनाची स्थिती, असे सर्व पाहून शेवटी पुढच्या वर्षात कुणी काय करायचे याचा लेखी आराखडा त्या व्यक्तीच्या हाती द्यायचा असतो. आराखड्यात चित्रे असतात, वाक्ये आखूड असतात.

हे चांगुलपणातून आलेले नाही. २००७ मध्ये मेनकॅप या संस्थेने एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयांत दगावलेल्या सहा बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची प्रकरणे जाहीर केली, त्यावरून चौकशी बसली, आणि २०१३ मध्ये ब्रिस्टलच्या अभ्यासातून असे पुढे आले की बौद्धिक दिव्यांग पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा सरासरी २० वर्षे आधी मरण पावत होत्या. त्यातले पुष्कळ मृत्यू टाळता येण्यासारखे होते. नंतर प्रत्येक बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या मृत्यूची कारणे तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

तिकडे सारे आलबेल आहे असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. त्याच २०१३ साली ऑक्सफर्डमध्ये एनएचएसच्याच एका युनिटमध्ये कॉनर स्पॅरोहॉक नावाचा १८ वर्षांचा तरुण आंघोळीच्या टबात आकडी येऊन बुडाला. त्याला अपस्मार आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि तरी बाथरूमपाशी कुणी नव्हते. त्याच्या आईने लढा दिला, चौकशी झाली, २०१८ मध्ये त्या संस्थेला मोठा दंड झाला. पथके आहेत, कागद आहेत, आणि तरी माणूस एकटा बुडतो.

तरीसुद्धा भारतातील मित्रांनी मला त्यातली एकच गोष्ट उचलायला सांगितली तर मी नोंदवही सांगेन. यंत्रे नकोत, तज्ज्ञही नंतर येतील. ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही त्याला तपासणीला बोलावणार कोण?

सोनचाफा

वाचते आहे आणि एक वेगळा प्रश्न विचारते. माझी मुलगी २६ वर्षांची आहे. तिला पाळीचा रक्तस्राव फार होतो, पॅड ती काढून टाकते आणि त्या चार दिवसांत माझी व तिची दोघींची दमछाक होते. नात्यातल्या प्रत्येक बाईने आजवर ‘पिशवी काढून टाका’ असाच सल्ला दिला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनीही तेच सुचवले. मला ते पटत नाही, परंतु दुसरा मार्ग कुणी सांगत नाही.

मांडवीतीर

मी पणजीत वकिली करते आणि दिव्यांग हक्कांची प्रकरणे पाहते. सोनचाफाताई, तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या, कारण देण्यात आले ते पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. महाराष्ट्रातील या विषयाच्या चर्चेला ते प्रकरण आजही टाळता येत नाही. पुढे २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिची संमती बाजूला ठेवून घेता येणार नाही.

आता मूळ विषयाकडे येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्याचे पंचविसावे कलम आरोग्याचे आहे. घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीसह मोफत आरोग्यसेवा. शासकीय आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश. आणि तपासणी व उपचारांत प्राधान्य, हे सर्व त्यात लिहिलेले आहे. खासगी रुग्णालयांचा उल्लेख तेथे आहे हे बहुतेकांना माहीत नसते. अडथळा म्हटला की लोकांना उतारच आठवतो. गोंगाटाच्या ओपीडीत तीन तास थांबू न शकणाऱ्या माणसाला ती ओपीडी हाच अडथळा असतो, असा युक्तिवाद मी करते आणि तो मला कायद्याला धरून वाटतो.

डॉ. निशिगंध

सोनचाफाताईंसाठी वैद्यकीय बाजू थोडक्यात. फार रक्तस्राव होत असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सोनोग्राफी पाहावी. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन असे बरेच टप्पे शस्त्रक्रियेच्या अलीकडे आहेत. आकडीची औषधे चालू असतील तर हार्मोनच्या गोळ्यांशी त्यांचा संबंध तपासून घ्यावा, कारण काही औषधांमुळे त्या गोळ्यांचा परिणाम उतरतो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सर्व माहीत असते, त्यांना फक्त विचारायला हवे की शस्त्रक्रियेआधी काय काय करून पाहता येईल.

खोणी_रस्ता

मांडवीतीर यांच्या मुद्द्यांचा आदर राखून एक मतभेद नोंदवतो. संमतीची भाषा ऐकायला बरी वाटते, परंतु माझ्या मुलाची दाढ काढायच्या दिवशी रुग्णालयाने माझ्याकडे कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले आणि नसेल तर भूल देणार नाही असे सांगितले. अठरा वर्षांनंतर आईवडील हे आपोआप पालक राहत नाहीत, हे मला त्या काउंटरवर समजले. अशा वेळी ‘त्याला विचारा’ असे कुणी म्हटले तर मी काय उत्तर द्यावे? त्याने हो म्हटलेले कुणी ऐकले आहे?

मांडवीतीर

तुमची अडचण खरी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होताच हे करून ठेवावे, इस्पितळात भरती व्हायची वेळ येण्याची वाट पाहू नये. जिवावर बेतले असेल तर प्रमाणपत्रासाठी उपचार अडवून ठेवणे समर्थनीय नाही, हेही रुग्णालयाला ठामपणे सांगावे.

परंतु प्रमाणपत्र मिळाले म्हणून विचारणे संपत नाही. तुमचा मुलगा ‘हो’ म्हणत नाही, पण कुठली गोष्ट त्याला नको आहे हे तो गार पाणी सारून दाखवत होताच. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पना तीच आहे, की निर्णय त्या व्यक्तीबरोबर घ्यायचा आणि तिला पेलेल तेवढा भाग तिच्याकडे ठेवायचा. कोणत्या हातातून रक्त घ्यायचे आणि सोबत कुणी बसायचे एवढे तरी तो ठरवू शकतो.

रंगखडू

विशेष शिक्षिका म्हणून वरच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. रक्त देणे, रक्तदाब मोजणे, तोंड उघडे ठेवणे या गोष्टी शिकवता येतात, आणि त्या शिकवणे विशेष शाळेच्या शेवटच्या वर्षांत अभ्यासाचा भाग व्हायला हवे असे माझे ठाम मत आहे. आम्ही वर्गात रक्तदाबाचा पट्टा ठेवतो. पहिले काही दिवस तो फक्त टेबलावर असतो. मग तो बाईंच्या दंडावर बांधला जातो आणि मुले फुगा दाबतात. मग बाहुलीच्या, मग मैत्रिणीच्या, आणि शेवटी स्वतःच्या. पट्टा आवळला की घाबरणारी एक विद्यार्थिनी आता ‘अजून, अजून’ म्हणते. सुईसाठी बधिर करणारे मलम मिळते. ते तासभर आधी लावून पट्टी गुंडाळली तर टोचणे निभावते, आणि एकदा निभावले की पुढच्या वेळची भीती निम्मी होते. आठ जणांनी धरून घेतलेले रक्त हे त्या माणसाचे शेवटचे रक्त ठरते, कारण पुढे तो दवाखान्याच्या फाटकातही शिरत नाही.

वाशिष्ठी

मी चिपळूण तालुक्यात आशा गटप्रवर्तक आहे. नोंदवहीविषयी कोल्हापूरच्या ताईंनी लिहिले ते वाचून आमच्या बाजूचे सांगते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा धोका मोजणारा, फॉर्म आशाने घरी जाऊन भरायचा असतो. त्यात कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, हालचाल, घरातला रक्तदाब-मधुमेह असे प्रश्न असतात आणि गुण जास्त आले की त्या व्यक्तीला आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही तेथूनच सुरू होते. कागदावर यातून बौद्धिक दिव्यांग वगळलेले नाहीत. प्रत्यक्षात घरचेच म्हणतात, ‘त्याचं काय विचारायचंय?’ आणि आशा पुढच्या घरी जाते. मी तिला दोष देणार नाही. तिला कामावार मोबदला मिळतो आणि अशा घरी लागणाऱ्या जादा वेळाचा मोबदला कुठल्याच ओळीत लिहिलेला नाही.

यादीचे म्हणाल तर ती वेगळ्या टेबलावर आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, त्यासाठी आमच्या भागात ग्रामसेवकांकडे गावातील दिव्यांगांची नावे असतात. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलेल्यांची नावे जिल्ह्याला असतात. उपकेंद्रात मात्र ती येत नाहीत, कारण तो निधी वाटपाचा विषय समजला जातो. आमच्या एका गावात आम्ही ग्रामसेवकांची यादी मागून घेतली, त्यातील अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांगांच्या नावांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांना एकेक करून दुपारी गर्दी ओसरल्यावर बोलावले. एका मामांचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की मॅडमनी तो पुन्हा पुन्हा मोजला. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, ‘ते डोकं धरून बसायचे, आम्हाला वाटायचं सवय आहे.’

हे एका गावचे झाले. मॅडमची बदली झाली तर पुढे काय, हे मला सांगता येणार नाही.

बोरिवली_लोकल

सर्व प्रतिसाद वाचले. खर्चाचे काय? फुले योजनेत हे बसते का?

मांडवीतीर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, वर्षाची तपासणी त्यात बसत नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना पाहावी. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, वयाची अट नाही, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, शुल्क नाममात्र आहे. महत्त्वाचे म्हणजे ओपीडी, औषधे, चाचण्या, थेरपी, दातांची प्रतिबंधक काळजी आणि आजारी नसलेल्या व्यक्तीची नियमित तपासणी यांचा खर्चही त्यात येतो, मात्र प्रत्येक बाबीला आतली वेगळी मर्यादा आहे. पैसे आधी खिशातून भरायचे आणि मग बिले पाठवून मागायचे, हीच खरी अडचण. दरवर्षी नूतनीकरण विसरू नये. अर्ज न्यासाकडे नोंदणी झालेल्या जवळच्या संस्थेमार्फत करता येतो.

उर्मोडी

सर्वांचे आभार. डॉक्टरांच्या क्रमाने आम्ही निघालो. भावाच्या दोन्ही कानांत मळाचे खडे होते. थेंब घालून ते मऊ केले आणि मग काढले. टीएसएच वाढलेले आले, गोळी सुरू झाली आहे. तो हाकेला वळू लागला आहे, पेंग मात्र अजून आहे, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे रात्री तो अधूनमधून श्वास रोखल्यासारखा करतो, म्हणून झोपेच्या तपासणीसाठी नंबर लावला आहे. डोळ्यांचे अजून व्हायचे आहे.

कागदाचा प्रश्न मी धरून ठेवला होता. आईशी बसून एक पान तयार केले आहे. त्यातला काही भाग येथे देते, सुधारणा सुचवाव्यात.

‘मला दादा म्हणा. मला डाउन सिंड्रोम आहे. कुठे दुखते असे विचारले तर मी गुडघा दाखवतो, त्यावर विसंबू नका. पोट दुखले तर मी जेवण सोडत नाही, भराभर जेवतो आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ताप आला की मी गप्प होतो, डोके दुखले की टीव्हीचा आवाज बंद करतो. फार दुखले तर मी हसतो. मला पाठीमागून हात लावू नका. स्टेथोस्कोप आधी माझ्या हातात द्या. रक्त डाव्या हातातून घ्या. भूल द्यायची असेल तर माझ्या मानेचा विचार करा.’

खाली गोळ्यांची नावे, सुरू झाल्याचे वर्ष आणि कारण, थायरॉईडच्या शेवटच्या चाचणीची तारीख, आणि आईनंतर माझा व माझ्या यजमानांचा फोन नंबर.

वाऱ्यावरचा_पत्ता

फार चांगले झाले आहे. ‘फार दुखले तर मी हसतो’ ही ओळ सर्वांत वर घ्या, ती अपघात विभागातल्या डॉक्टरांना पहिल्या क्षणी दिसली पाहिजे. दोन गोष्टी वाढवा. एक, एरवीचा दादा कसा असतो ते चार ओळींत लिहा: किती चालतो, किती झोपतो, शौचाला किती दिवसांनी होते, कोणते शब्द बोलतो. नवख्या डॉक्टरला आज काय बदलले हे त्याशिवाय ओळखता येत नाही. दोन, वजनाचा रकाना ठेवा आणि दर महिन्याला भरा. बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा वजन सर्वांत आधी बोलते. पानाच्या तीन प्रती करा: एक घरात, एक त्याच्या पिशवीत आणि एक फॅमिली डॉक्टरांच्या फाईलमध्ये.

वाशिष्ठी

चौथी प्रत तुमच्या भागातल्या आशाताईंना द्या. आणि उर्मोडीताई, तुमची हरकत नसेल तर या पानाचा कोरा नमुना मला हवा आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी तो समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे. शब्द जरा सोपे करून घेईन, कारण आमच्याकडे तो बहुधा वहिनी किंवा शेजारीणच भरणार.